छोट्या गाडीला साहेबांचं स्टेअरिंग

२ जानेवारी

ठके,

डोक्यावर हात ठेवलाय असं समज आणि मग पुढे वाच, कारण पुढे तुला हसू येणार आहे, आणि हसताना माझा आशीर्वाद खाली सांडायला नको.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरात फोन आला की तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवतात आणि तुझे आईबाप दोन्हीकडून माना पुढे काढून बसतात. तू "आजी कशी आहेस" विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत तुझा बाप "ती बरी आहे" म्हणून मोकळा होतो. म्हणजे माझी तब्येतसुद्धा तोच सांगणार. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. मी चौथीत शाळा सोडली, पण अक्षरांनी मला सोडलं नाही. जरा लंगडतात, एवढंच. पोस्टमन दाराशी येतो तेव्हा त्याच्याच हातात देणार आहे, तुझ्या बापाच्या नाही.

तर बातमी अशी की आपल्या गाडीला नवं चाक आलं. खालचं नव्हे गं. हातात धरायचं. स्टेअरिंग.

तुझ्या बापाने सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काढला. मोठ्या साहेबांची ती लांब काळी गाडी फाटकातून आत यायची, दार उघडायला शिपाई, आत बसायला साहेब, आणि खिडकीतून बघायला तुझा बाप. निवृत्त झाला तेव्हा त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. काळी गाडी काही दिली नाही. ते त्याच्या मनात राहिलंच असणार. गेल्या आठवड्यात तो भंगार बाजारात नळाची तोटी शोधायला गेला. तोटी मिळाली नाही. जन्मभर पाणी पुरवणाऱ्या माणसाला एक तोटी मिळू नये! मिळालं ते तसल्याच काळ्या गाडीचं स्टेअरिंग. गाडी कुठेतरी ठोकलेली, म्हणून तोडून विकायला काढलेली. तुझी आई म्हणाली, "ज्याच्या हातात हे होतं तो आता कुठे आहे, विचारलंत का?" तर म्हणे, "तुला मेलं सगळ्यात आधी वाईटच दिसतं."

पण दिसायला देखणं आहे हो. काळं कातडं, बारीक शिवण, मधोमध चांदीसारखा बिल्ला आणि दोन्हीकडे बटणं. एक गाण्याचं, एक फोनचं, एक कसलंसं वेगाचं. आपल्या डबड्यात यातलं काहीच नाही. तरी तुझा बाप जाता जाता गाण्याचं बटण दाबतो आणि मग स्वतःच गुणगुणायला लागतो.

बसवलं कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने. तो स्वतःला गाड्यांचा डॉक्टर म्हणवतो, आणि सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात. तुझ्या बापाने विचारलं, "दुसऱ्या गाडीचं आहे, बसेल ना?" तर म्हणाला, "काका, बसवलं की बसतं." एकदा हातोडी, एकदा शिवी, पुन्हा हातोडी, असं करत बसवलं त्याने.

फक्त हॉर्न वाजेना. डॉक्टर म्हणाला, त्याच्या तारा निराळ्या असतात, हळूहळू वाजेल. हळूहळू कसा वाजतो हॉर्न, मला माहीत नाही. घरी येताना आपल्या कॉलनीच्या फाटकात कुत्रं आडवं झोपलेलं. तुझा बाप बिल्ला दाबतोय, दाबतोय, बिल्ला गप्प. मी तिथेच भाजी घेत उभी होते. म्हटलं, "हाऽऽड!" कुत्रं उठलंच, वॉचमनही दोन पावलं मागे सरला. तुझ्या बापाने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्याला आजच भेटले.

"आई," म्हणाला, "जरा पुढे बसतेस?"

ठके, पुढे! काचेपाशी! आजवर मला काय ऐकायला मिळायचं? तू कशाला येतेस, गुडघे दुखतील. तू कशाला, ऊन किती आहे. तू कशाला, तिथे बसायला जागा नसते. माझे गुडघे माझ्यापेक्षा यांनाच जास्त दुखायचे. आता सकाळीच हाक येते, "आई, आटपलं का?" सायकलीला एक हाक, ट्रकला दोन, फोनवर बोलत रस्ता ओलांडणाऱ्याला त्याच्या आईच्या आवाजात एक. बँक पाहिली, पेट्रोलपंप पाहिला, नदीवरचा नवा पूल पाहिला. पूल होऊन किती वर्षं झाली म्हणे, माझ्यासाठी मात्र तो परवा झाला.

घसा बसलाय, पण मी उठलेय.

तुझी आजी

९ जानेवारी

आजी,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी हसले की खोलीतली मैत्रीण उठून बसली. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू पळालं.

मी इथे गाड्यांच्या कारखान्यात ज्या खात्यात आहे तिथे दिवसभर एकच गोष्ट तपासतात, स्टेअरिंग दांड्यावर घट्ट बसलंय की नाही. एक नट सैल सापडला तर गाड्यांचा सगळा पट्टा थांबतो, आणि माणसं हात बांधून उभी राहतात. स्टेअरिंगच्या पाठीला एक भोक असतं, त्याला आतून दाते. गाडीतून जो दांडा वर येतो त्याला बाहेरून दाते. दाते दात्यांत गच्च बसले तरच तू फिरवलंस की चाकं फिरतात. दर गाडीचे दाते निराळे असतात, आजी. साहेबांच्या गाडीचं भोक आपल्या दांड्यापेक्षा मोठं असणार. मग मधल्या फटीत डॉक्टरने घातलं काय?

बाबांना फोन केला. म्हणाले, "तुम्हा कंपनीवाल्यांना नवे भाग विकायचे असतात, म्हणून लोकांना घाबरवता." मी पगार घेते, भाग विकत नाही, असं म्हणेपर्यंत त्यांनी फोन आईच्या हातात दिला. आईने फक्त "हं" म्हटलं, पण त्या "हं"मध्ये खूप काही होतं.

एक काम कर. गाडी उभी असताना स्टेअरिंग धरून पुढेमागे हलव. हललं तर मला लिही. तोवर गाडीत बसू नकोस.

आणि आजी, या वयात तुला खिडकीतून डोकं काढून ओरडायला लावतात, याची मला फार लाज वाटली. तू आपली सगळं गोड करून सांगतेस, पण मला कळतं.

तुझी ठकी

१६ जानेवारी

ठके,

लाज कसली गं? लाज वाटायला मला वेळ तरी आहे का?

हलवून बघितलं. हलतं. फार नाही, माझी खालची दाढ हलते तेवढंच. आणि ती दाढ गेली कित्येक वर्षं हलतेय, पडली थोडीच?

फटीचंही विचारलं. डॉक्टर म्हणाला, "आजी, थोडी जागा राहत होती, म्हणून पत्र्याची पट्टी गुंडाळून घातली."

"कसला पत्रा रे?"

"डब्याचा."

"कसला डबा?"

"बिस्किटांचा. पण चांगल्या कंपनीचा आहे, काळजी करू नका."

तू दाते म्हणालीस त्यावरून तुझ्या आजोबांची गोष्ट आठवली. त्यांचे थोरले भाऊ गेले तेव्हा त्यांची कवळी अगदी नवीकोरी होती. टाकवेना. आजोबांनी धुऊन स्वतः घातली. दिसायला राजबिंडे दिसायचे. पण बोलायला लागले की ते पुढच्या वाक्यावर आणि कवळी मागच्या वाक्यावर. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, "आमच्याकडे सगळं जागच्या जागी असतं," आणि खालची कवळी पाहुण्यांच्या कपात. तेव्हा दाते दात्यांत बसावे लागतात हे मला तुझ्या कारखान्याने शिकवायला नको. पण खरं सांगू? त्या कवळीने माणूस वर्षभर हसतमुख फिरला. स्वतःच्या दातांनी कधी हसला नव्हता तेवढा.

तुझा बापही तसाच खुलला आहे. एक गंमत झाली. डॉक्टरने चाक जरा तिरकं बसवलं होतं. गाडी सरळ चालली की बिल्ला कलंडलेला दिसायचा. कलंडलेला बिल्ला तुझ्या बापाला बघवेना. तो बिल्ला सरळ करायचा, की गाडी गटाराकडे. मी म्हटलं, "अरे, रस्त्याकडे बघ, बिल्ल्याकडे काय बघतोस?" तर म्हणाला, "आई, बाहेरून लोकांना काय दिसतं, रस्ता की बिल्ला?" दोन दिवस आम्ही असे तिरके तिरके फिरलो. मग डॉक्टरने पुन्हा काढून, पुन्हा ठोकून सरळ केला. पट्टीही नवी घातली म्हणाला. मी विचारलं, आता कसला डबा, तर म्हणाला, तोच, दुसरी बाजू.

आणि लोक, ठके! आमच्या कॉलनीचे अध्यक्ष रोज सकाळी माकडटोपी घालून फिरतात. आजवर तुझ्या बापाला त्यांनी कधी मान हलवून ओळख दिली नव्हती. परवा खिडकीतून आत डोकावले, बिल्ला बघितला आणि म्हणाले, "वा! ही घेतली वाटतं?"

तुझा बाप म्हणाला, "हळूहळू घेतोय."

म्हणजे आधी स्टेअरिंग, उरलेली मागून! मी पदर तोंडाशी धरला. पण अध्यक्षांना ते पटलं. शहाणी माणसं अशीच थोडी थोडी घेतात म्हणाले. बडा घर पोकळ वासा म्हणतात, आमचा तर वासाच बडा, घर आहे तसंच. आता तुझ्या बापाला सगळे साहेब म्हणतात. दूधवालासुद्धा.

पुढचं ऐक. कॉलनीत वाहतूक शिस्त समिती निघाली आणि तुझा बाप तिचा प्रमुख झाला. का? तर अध्यक्ष सभेत उभे राहून म्हणाले, "या गृहस्थांच्या गाडीचा हॉर्न आजपर्यंत कुणी ऐकलाय का? याला म्हणतात शिस्त!" टाळ्या वाजल्या. मी मागे बसले होते, घसा बसलेला, गरम पाणी पीत. तुझी आई माझ्या कानात म्हणाली, "आई, तुमचा सत्कार राहिलाच की."

तू काळजी करू नकोस. काल पुलापलीकडे माझ्याबरोबर शिवण शिकायला असलेली एक जुनी मैत्रीण भेटली. मला वाटलं होतं ती गेली. तिला वाटलं होतं मी गेले. दोघींनी एकमेकींना चिमटे काढून बघितले. गाडी नसती तर आम्ही एकमेकींसाठी मेलेल्याच राहिलो असतो.

तुझी आजी

२४ जानेवारी

आजी,

बिस्किटांचा डबा! मी हे खात्यात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी जेवलं नसतं.

पट्टीची दुसरी बाजू हा इलाज नाही. पत्रा दर वळणाला थोडा थोडा झिजतो. सरळ रस्त्यावर काही कळत नाही, कळतं ते वळणावर, आणि वळणावर माणसं उभी असतात.

मी आपल्याच मॉडेलचं कोरं स्टेअरिंग पाठवते आहे. साधं आहे, काळं, बटणं नाहीत. पण दाते बरोबर आहेत, आणि नीट गॅरेजात अर्ध्या तासात बसेल. डॉक्टरकडे मात्र नको. बाबांना मी फोनवर सांगणार नाही, लगेच "कंपनीवाले" सुरू होईल. पार्सल तुझ्या नावाने येईल, तू त्यांच्या हातात दे. तुझं ते ऐकतात.

यात हॉर्नही वाजेल, आजी. तुझा घसा सुटेल एकदाचा. उन्हातान्हात फिरणं बंद. दुपारी घरी पंख्याखाली निवांत पड.

तुझी ठकी

५ फेब्रुवारी

ठके,

पार्सल पोचलं. किती छान बांधलंस! आत कागद, त्याच्या आत फुग्याफुग्यांचं प्लास्टिक. ते फुगे मी आणि तुझ्या आईने एक दुपार बसून फोडले, फार समाधान वाटतं. तिने विचारलं, "आई, यात होतं काय?" मी म्हटलं, "पोरीने प्रेमाने काहीतरी पाठवलंय." खोटं नाही बोलले.

स्टेअरिंग चांगलं आहे. साधं आहे, गरीब आहे, कुणाच्या अध्यातमध्यात न येणारं दिसतं. मी ते नीट ठेवलंय.

इकडे हवा बरी आहे. समोरच्या गच्चीवरची मांजर व्याली. माझ्या चष्म्याची काडी मोडली होती, तीही नवी बसवून आणली, गाडीनेच गेलो. वाटेत तुझा बाप मला म्हणाला, "आई, तू लहानपणी फार हिंडायचीस का गं?" साठी आली त्याला, आणि आज पहिल्यांदा विचारलं. गाडीत पुढे शेजारी बसलं की माणसं असलं काहीबाही विचारतात, घरात नाही विचारत. घरात माझी खोली मागच्या अंगाला. तिथे चहा येतो, गोळ्या येतात, माणूस येतो तो पंखा बंद करायला. मी त्याला म्हटलं, हिंडायची म्हणजे काय, नदी ओलांडून कच्ची बोरं आणायला जायची, आणि मार खायची. तो इतका हसला की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही, मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. मी खिडकीतून मागे बघून सगळ्यांना एकदाच वाजले. गप्प बसले.

समितीच्या कामात तो फार गुंतलाय. वीस तारखेला शिस्तीची फेरी आहे. सगळ्या गाड्या रांगेत, चालीच्या वेगाने, हॉर्न न वाजवता कॉलनीतून जाणार. सर्वांत पुढे आपली. म्हणून म्हटलं, एवढी फेरी होऊन जाऊ दे, माणसाच्या डोक्याला आत्ता ताप कशाला द्यायचा?

अजून काय लिहू? मांजरीला चार पिल्लं झाली. तीन पांढरी.

तुझी आजी

१२ फेब्रुवारी

आजी,

"नीट ठेवलंय" म्हणजे कुठे ठेवलंय?

राहू दे, सांगू नकोस. अंथरुणांच्या पेटीत, तुझ्या गोधडीखाली. मी तुझी नात आहे.

आधी मला राग आला. मग मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली आणि मला माझाच राग आला. तू दर पत्रात सांगत होतीस आणि मी दर पत्रात तुझा घसा वाचवत होते. पंख्याखाली निवांत पड म्हणून लिहिलं मी तुला! पूल बघून आलेल्या बाईला!

गाडीतल्या तुझ्या जागेचं काय करायचं, हे मला ठाऊक नाही. चाकाचं काय करायचं, ते मात्र ठाऊक आहे. परवा आमच्याकडे अशाच एका गाडीचा मोडका दांडा तपासायला आला होता. दुसऱ्या मॉडेलचं स्टेअरिंग, मध्ये पट्टी. ज्याची गाडी होती तो वाचला. शेजारच्या सीटवर कोण होतं ते मी विचारलं नाही. शेजारची सीट म्हटलं की मला तूच दिसतेस.

पार्सल काढ. आज. फेरीच्या आधी.

तुझी ठकी

२१ फेब्रुवारी

ठके,

आधी हे वाच, सगळे धडधाकट आहेत. एका फुलझाडाचं काही खरं नाही, पण ते आधीपासूनच रोगट होतं.

तुझं पत्र फेरीच्या आदल्या दिवशी पोचलं. शेजारच्या सीटचं वाचलं आणि मी उठले. पेटी उघडली, (हो, गोधडीखालीच, शहाणी आहेस) आणि ते गरीब स्टेअरिंग आणून तुझ्या बापासमोर टेबलावर ठेवलं. म्हटलं, "पोरीने पाठवलंय. हे बसव, मगच फेरीला जा. मी ते लपवून ठेवलं होतं, ती माझी चूक, पण आता सांगतेय ते ऐक."

त्याने ते उलटसुलट करून बघितलं. "याला बिल्लाच नाही," म्हणाला.

"दाते आहेत," मी म्हटलं.

"आई, उद्या सगळी कॉलनी बघणार. समितीचा प्रमुख असलं घेऊन पुढे जाणार? फेरी झाली की परवा बसवतो."

तुझी आई म्हणाली, "परवा बसवायला माणूस उद्या शिल्लक लागतो." तर त्याने पेपर वर केला. नाचता येईना त्याला अंगण तरी वाकडं असतं, याला नाचता येत होतं, अंगणही सरळ होतं, फक्त पायात दुसऱ्याचे जोडे होते.

मग मी काय करू? घरी बसून राहिले असते तर तो हॉर्नशिवाय निघाला असता. म्हटलं, जाईल तर दोघांचं जाईल. बसले पुढे. तुझ्या आईला म्हटलं तू मागे बसू नकोस. ती म्हणाली, "मी चालत येते, मला बघायचंय."

सगळ्यात पुढे आम्ही, मागे गाड्यांची शेपूट. गाडी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. बागेपाशी जिथे रस्ता वळतो, तिथे कोपऱ्यावर समितीने नवी पाटी लावली होती, "वाहने सावकाश चालवा". पाटीखाली अध्यक्ष आणि चारपाच मंडळी फोटोसाठी ओळीने उभी. वळण आलं. तुझ्या बापाने चाक फिरवलं. चाक फिरलं. फिरतच राहिलं, जात्यासारखं! गाडी मात्र आपल्या मनाने सरळ, थेट अध्यक्षांकडे. आणि तुझा बाप काय करतोय? बिल्ला दाबतोय! मुका बिल्ला, ठके, दोन्ही अंगठ्यांनी!

तेव्हा मी ओरडले. असं मी उभ्या जन्मात ओरडले नव्हते. बाहेर म्हटलं, "सरका!" आणि आत म्हटलं, "पाय!" बाहेरची माणसं दोन्हीकडे उडाली, अध्यक्ष फुलझाडात बसले, आणि आतल्याला एकदाचा ब्रेक आठवला. गाडी पाटीला टेकली. पाटी हळूच आडवी झाली. मागच्या गाड्या ठरल्याप्रमाणे रांगेत थांबल्या, एकानेही हॉर्न वाजवला नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

तुझा बाप तसाच बसून. मग त्याने चाक जरा ओढलं तर ते सगळंच हातात आलं. मधून पट्टी खाली पडली, त्यावर छापलेलं अर्धं बिस्किट अजून दिसत होतं. चाक मांडीवर घेऊन तो म्हणाला, "आई, तुला लागलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे." त्याचे हात अजून चाकावरच होते. मी ते धरून ठेवले. लोकांना वाटलं आम्ही फोटोसाठी बसलोय.

संध्याकाळी समिती बसली. वाद झाला, चहा झाला, आणि एकमताने ठराव झाला की पाटी वळणाच्या फार जवळ लावली होती. पाटीवाल्याला समज देणार आहेत. तुझ्या बापाने मात्र राजीनामा दिला. खरं कारण सांगितलं, उभं राहून, बिस्किटांच्या डब्यासकट. कुणाला पटलं नाही. "साहेब उगाच मोठेपणा घेताहेत," म्हणाले. पण त्याने सांगितलं, आणि मी बघितलं. जन्मभर खिडकीत उभा असलेला माझा मुलगा काल मला साहेबांपेक्षा उंच दिसला.

तुझं स्टेअरिंग आज सकाळी नीट गॅरेजात बसलं. हॉर्न वाजतो. सर्दी झालेल्या शेळीसारखा, पण वाजतो. दुपारी तुझा बाप एकटाच बँकेत गेला. कोपऱ्यावर वळताना वाजवला. मी मागच्या खोलीत होते. ऐकला. पंखा वर फिरत होता. माझा आवाज त्याच्यापेक्षा किती चांगला होता, असं मनात आलं, आणि मग म्हटलं, अगं बाई, तू जिवंत आहेस आणि शेळीचा कसला हेवा करतेस?

उठले. नवी काडी घातलेला चष्मा लावला. तो परत आला आणि गाडी लावून उतरला, तर मी दार उघडून पुढे बसले.

"आई, अगं आता हॉर्न वाजतो."

"ऐकला मी."

"मग तू कशाला...?"

"मला बसायचंय म्हणून."

बघ, एवढं साधं वाक्य. इतक्या वर्षांत माझ्या तोंडातून आलं नव्हतं. मी वाट बघत होते कुणीतरी कामाला बोलवेल म्हणून. बाईला बाहेर पडायला काहीतरी काम लागतं, अशीच आमची समजूत. त्याने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कचेरीत अशा अर्जाला उत्तर शिकवलेलं नसणार. तुझी आई पायरीवरून म्हणाली, "बसू द्या की, सीट काय मोठ्या साहेबांची आहे?"

तो आत बसला. साध्या स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाला, "कुठे जायचंय?"

आणि ठके, मी अडखळले. आजवर गाडी जिथे जायची तिथे मी जायची. मला कुठे जायचंय हे कुणी विचारलंच नव्हतं, तर उत्तर तरी तयार कुठून असणार? काचेतून समोर बघितलं. मग म्हटलं, "पोरीकडे."

"अगं, दोन दिवसांचा रस्ता आहे. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, मी आणते बरोबर."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पायरीवर उभ्या असलेल्या तुझ्या आईकडे. ती आधीच आत वळली होती, पिशव्या काढायला.

शनिवारी पहाटे निघतो. पोस्टमन आत्ता दारात उभा आहे, म्हणून इथेच थांबते. या पत्राचं उत्तर लिहू नकोस. ते येईल तेव्हा घराला कुलूप असेल.

तुझी आजी